माझा डोळा पऱ्हाटीनं गेला नाही

“अब ये फाईल तेरी है बेटा, अम्मा की नहीं,” असं म्हणत हैदराबादच्या डॉक्टर मॅडमनी हिरवं फोल्डर माझ्या मांडीवर ठेवलं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. दीड वर्षाची असताना माझ्या दोन्ही डोळ्यांत कॅन्सर निघाला होता. उजवा डोळा काढावा लागला. डावा किरणांचा शेक देऊन वाचवला. त्यानंतर दरवर्षी मायसोबत तपासणीला जात होते, आणि त्या दिवशी मॅडमनी सांगितलं की डोळ्यांचं काम आता संपलं. मी उठायला लागले तर त्यांनी माझा हात धरून परत बसवलं. म्हणाल्या, शरीराचं संपलेलं नाही. हा दोष जन्मापासून तुझ्या रक्तात आहे. पुढं विशीत, तिशीत, कधीही दुसरा कॅन्सर होऊ शकतो, हाडात, मांसात, कातडीवर. शेक दिला त्या जागी तर जास्तच. वर्षातून एकदा येत जा. नवी गाठ दिसली की थांबू नको. आणि कुठल्याही डॉक्टरसमोर बसलीस की पहिलं वाक्य हे सांग.

मी मान हलवली. नांदेडच्या गाडीची वेळ होत आली होती आणि मला त्याआधी कॉलेजच्या गॅदरिंगसाठी गॉगल घ्यायचा होता. गॉगल घेतला. फाईल मायच्या पिशवीत गेली. पुढची दहा वर्षं मी हैदराबादला स्वतःसाठी गेले नाही.

तसंही डॉक्टरसमोर म्हणायचं पहिलं वाक्य मला पाठ होतं, आणि ते दुसरंच होतं. “लहानपणी पऱ्हाटी लागली डोळ्यात.” कापूस वेचून झाला की रानात वाळकी झाडं उभी राहतात, टोकदार, ती पऱ्हाटी. आमच्या वसमतकडं त्यानं एखाद्याचा डोळा जातोही, म्हणून ऐकणारा चुकचुकतो आणि पुढं काही विचारत नाही. मी बोलायला लागले तेव्हाच माझ्या मायनं, मालनबाईनं, हे वाक्य माझ्याकडून घोकून घेतलं होतं. शाळेत, कॉलेजात, वसतिगृहाच्या फॉर्मवर मी तेच सांगत, लिहीत आले. ‘पूर्वीचा गंभीर आजार’ या रकान्यात मी नेहमी ‘नाही’ लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे.

लग्नाच्या वेळीही तेच चाललं. धम्मपालचं वारंगा फाट्यावर झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. तो आपल्या आईला घेऊन मला पाहायला आला. त्याची आई, पद्माबाई, चहा हातात घेऊन माझ्याकडं बघतच राहिली.

“पोरीच्या डोळ्याला काय झालं?”

मायनं पऱ्हाटी सांगितली.

“मंग काय झालं?” पद्माबाई म्हणाल्या. “एका डोळ्यानं बीएस्सी झाली. दोन असते तर कलेक्टर झाली असती, मंग आपल्या घरी कशाला येती?”

मला ती बाई तिथंच आवडली. आणि तिथंच तिला फसवलं.

लग्नानंतर गंमत अशी झाली की पऱ्हाटीची गोष्ट मला सांगावी लागेना. आत्याबाईच सांगायच्या. मी सासूला आत्याबाईच म्हणते. विहारात नवी बाई भेटली, एसटीत कुणी माझ्याकडं रोखून बघितलं, की मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई सुरू व्हायच्या. हळूहळू त्या गोष्टीत मी शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून पळत होते, अंगात लाल झगा होता, हातात भुईमुगाच्या शेंगा होत्या. झगा आणि शेंगा मायनं कधीच सांगितल्या नव्हत्या. त्या आत्याबाईंच्या प्रेमातून आल्या होत्या, हे मला कळत होतं, म्हणून तर मला ते ऐकवत नसे.

दिवस गेले तेव्हा मात्र मी घाबरले. मॅडमनी हेही सांगितलं होतं की तुझ्या मुलाला हा दोष जायची शक्यता निम्मी. स्वतःबद्दलचं विसरले, हे विसरले नव्हते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत कामी आली. आयुष आठ दिवसांचा असताना मी आणि माय त्याला घेऊन हैदराबादला गेलो. सासरी सांगितलं, बाळाला कावीळ आहे, नांदेडला दाखवतोय. तिथल्या नव्या डॉक्टरांनी त्याचे डोळे तपासले, माझं आणि त्याचं रक्त घेतलं. मलाही त्याच फेरीत तपासून घे म्हणाले. मी म्हटलं, पुढच्या वेळी. अडीच महिन्यांनी फोन आला. दोष आयुषमध्ये उतरलेला नव्हता. आता त्याला कुठल्याच तपासणीची गरज नव्हती.

मी बाजेवर बसून ढसाढसा रडले. माय म्हणाली, “सुटलो गं पल्लवी.” मीही तेच धरून चालले. लेकरू सुटलं म्हणजे सगळेच सुटलो. बीएस्सी झालेली बाई मी, पण हा हिशेब मी असा केला.

तरीही सवय जाईना. आजारी बुबुळ फ्लॅशच्या उजेडात पांढरं चमकतं हे मला माहीत होतं, म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला मी आयुषला मांडीवर घेऊन धम्मपालला फोटो काढायला लावायचे. “बँकेच्या खात्याला लावायचा का काय दर महिन्याला?” तो चिडवायचा. मी फोटो मोठा करून लेकराची दोन्ही बुबुळं बघायचे, मग झोप लागायची.

इथं माझ्या चेहऱ्याबद्दल सांगायला पाहिजे. लहानपणी शेक दिल्यामुळं माझं डावं कानशील खोल गेलेलं होतं. अंगठा बसेल एवढा खड्डा. उजव्या बसवलेल्या डोळ्यापेक्षा मला त्याचीच लाज वाटायची. केस त्यावरून ओढून मी पिना लावायचे. यंदा संक्रांतीच्या सुमारास तो खड्डा भरत आला. आत्याबाईंच्या ते आधी लक्षात आलं.

“बघ की, भरलीस आता! डिंकाचे लाडू लागले अंगाला. तोंड कसं गोल झालं.”

शेजारची म्हणाली, लेकराची माय झाली की रूप येतंच. धम्मपाल एकदा माझे केस मागं सारून म्हणाला, पिना कशाला लावतेस आता. मी पिना काढून टाकल्या. खरं सांगते, मी खूश होते. आरशात डावीकडून बघायचे. आयुष्यात पहिल्यांदा मी फोटोत डावी बाजू पुढं करून बसले.

मार्चच्या एक तारखेला आयुष फोटोत नीट बसेना, म्हणून जुने फोटो चाळत त्याला रमवत होते. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. त्याचे डोळे बघता बघता माझं बोट थांबलं. त्याच्या डोक्यामागं प्रत्येक फोटोत माझं कानशील होतं. ऑक्टोबरमध्ये केसांच्या फटीतून दिसणारा खड्डा. डिसेंबरमध्ये अर्धा. जानेवारीत सपाट. फेब्रुवारीत उंचवटा. लाडवानं माणूस एकाच बाजूला भरत नाही. मी बोटांनी चाचपलं. घट्ट होतं, सुपारीसारखं, हलत नव्हतं. वरच्या दाढा आठवडाभर बधीर लागत होत्या, त्याचाही अर्थ तेव्हा लागला.

मायला फोन केला.

“दाढंचं असंल,” ती म्हणाली.

“माय, शेकाची जागा आहे ती.”

“वसमतला दाखव आधी. अन् काही बोलू नगस तिथं. सासू असंल सोबत.”

सासू होतीच सोबत. आयुषला कडेवर घेऊन आत्याबाई माझ्याआधी डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या. वसमतचे हे डॉक्टर शांत माणूस. त्यांनी कानशील दाबून पाहिलं, तोंड उघडायला लावलं, मग माझ्या उजव्या डोळ्याकडं बघून पेन उचललं.

“हा डोळा कसा गेला?”

“साहेब, चार वर्साची व्हती,” आत्याबाई सुरू झाल्या. “माय कापूस येचू लागली अन् ही धुऱ्यावरून पळू लागली. लाल झगा अंगात...”

डॉक्टरांनी ‘जुनी इजा’ असं लिहिलं. “दाढेच्या मुळाशी पू असेल. पाच दिवस गोळ्या घ्या. उतरलं नाही तर एक्स-रे काढू.” ते चिठ्ठी लिहायला लागले. आत्याबाई शेंगांपर्यंत पोचल्या होत्या. पाच दिवस गोळ्या, मग पुन्हा पाच दिवस, मग दाढ काढा, मग एप्रिल, मग मे. मला सगळं दिसत होतं. आयुष आत्याबाईंच्या खांद्यावरून माझ्याकडं बघून हसला.

“साहेब, ते खोडा,” मी म्हटलं.

“काय?”

“जुनी इजा खोडा. मला पऱ्हाटी लागली नव्हती. दोन्ही डोळ्यांचा कॅन्सर होता, जन्मापासूनचा. उजवा काढला. डाव्याला पंचवीस दिवस शेक दिला, तो इथंच. आता याच जागी गाठ आली.”

आत्याबाई हसल्या. “भ्यालीय पोरगी. काहीबी बोलून राहिली.”

“आत्याबाई, तुमी थांबा. मी खरं बोलून राहिले.”

पाच वर्षांत मी त्यांना असं कधी अडवलं नव्हतं. डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली, नवी घेतली. किती साली, कुठं, किती वयाला, सगळं विचारलं. मग म्हणाले, “या दोषात किरणांनीच नवा कॅन्सर उगवू शकतो, म्हणून तुम्हाला जमेल तेवढं एक्स-रे, सीटीपासून लांबच ठेवायचं. उद्या नांदेडला एमआरआय करा आणि रिपोर्ट घेऊन थेट हैदराबादला जा, जिथं तुमची फाईल आहे तिथं. मी त्यांच्याशी बोलतो.” दारापर्यंत गेल्यावर त्यांनी हाक मारली. “मघाशी गप्प बसल्या असता तर मी तुम्हाला गोळ्याच दिल्या असत्या, बरं का.”

बसमध्ये आत्याबाई माझ्या शेजारी बसल्या नाहीत. आयुषला घेऊन पुढच्या बाकावर. फाट्यावर उतरलो, घरी आलो, त्यांनी लेकराला भात भरवला, भांडं घासलं, आणि मग ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या.

“पाच वर्सं झाली. विहारात, बाजारात, लग्नात, मयतीत, सगळीकडं मी सांगत फिरले. माझ्या तोंडानं खोटं वदवून घेतलं तू.”

“व्हय. घेतलं.”

“लाज न्हाई वाटत व्हय म्हणायला?”

“वाटते. पण लग्नाआधी खरं सांगितलं असतं तर केली असती का सून?”

त्या विचार करत राहिल्या. खोटं बोलायचं असतं तर लगेच बोलल्या असत्या.

“न्हाई,” त्या म्हणाल्या.

“मग?”

“मंग काय मंग! मला इचारायचा हक्क व्हता का न्हाई?”

“होता. तो मी हिरावला. त्याची शिक्षा काय द्यायची ती द्या, पण हैदराबादहून आल्यावर. आज माझ्याकडं भांडायला वेळ नाही. मला लेकरू वाढवायचंय.”

धम्मपाल दुकान बंद करून आला तेव्हा आम्ही दोघी दोन टोकांना बसलेल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“रोज शंभर जणांना सांगतो मी,” तो म्हणाला, “खाली सही करण्याआधी वाचा. दिलेली माहिती खोटी निघाली तर जबाबदार तुमीच.” मग माझ्याकडं न बघता, “आयुषला?”

“नाही त्याला. तपासलंय. रक्तसुद्धा.”

“कधी?”

“कावीळ झाली होती तेव्हा.”

“कावीळबी खोटी?”

“कावीळबी खोटी.”

त्याला हसू आलं की रडू ते मला कळलं नाही. उठून आत गेला, मोबाईलवर नांदेडच्या एमआरआयची वेळ घेतली, फॉर्म भरला. ‘पूर्वीचा आजार’ विचारल्यावर त्यानं फोन माझ्या हातात दिला. “हा रकाना तू भर.” मी भरला. पहिल्यांदाच खरा भरला. जागा पुरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय येऊन धडकली. रडत आली आणि आल्या आल्या कामाला लागली. तिचं म्हणणं, जे झालं ते झालं, घरातल्या घरात राहू द्या. गावाला सांगा दाढेचं ऑपरेशन. पोराच्या नावाला उद्या बट्टा लागेल, त्याला कुणी पोरगी देणार नाही.

“माय, तो दीड वर्षाचा आहे,” मी म्हटलं.

“तूबी दीड वर्साचीच व्हतीस!” माय ओरडली. “वॉर्डातून घरी आणलं तर शेजारणीनं आपलं पोरगं उचलून आत नेलं. लागण व्हईल म्हणं. तुला कोण जवळ बसू देणार व्हतं शाळेत? त्या पऱ्हाटीनं तुला बाकावर जागा दिली, नवरा दिला. मी काय हौस म्हणून बोलले का खोटं?”

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी तिचा हात धरला. पण हात धरूनच म्हटलं, “त्याच पऱ्हाटीपायी काल मला दाढेच्या गोळ्या मिळत होत्या. मी आता लपवणार नाही माय. कुणी बाकावर बसू दिलं नाही तर उभी राहीन.”

“अन् लोक?”

तोवर चुलीपाशी पाठ करून बसलेल्या आत्याबाई वळल्या. “इहीनबाई,” त्या म्हणाल्या, “तुमची पऱ्हाटी तुमी परत घेऊन जा आता. आमच्या दारात लई झाली.” आणि माझ्याकडं बोट करून, “हिच्यावर माझा राग हाय. तो मी काढीन. पण तो माझ्या घरातला राग हाय. गावानं त्यात पडायचं काम न्हाई.”

एमआरआय झालं. हैदराबादला सुई घालून तुकडा काढला, दहा दिवसांनी निकाल आला. दुसरा कॅन्सर. पहिला परतलेला नाही, वेगळाच, मांसातला, शेकाच्या जागेवर उगवलेला. जुन्या मॅडम निवृत्त झाल्यात. नव्या डॉक्टरांनी हिरवं फोल्डर समोर ठेवून सांगितलं की गाठ लहान आहे, बाकी अंगात कुठं गेलेली नाही. काढता येईल, मग औषधं सलाईनमधून. पापणी थोडी लोंबेल कदाचित.

“दिसेल का डाव्यानं?” मी विचारलं. माझ्याकडं तो एकच आहे.

“आता केलं तर दिसेल. आणखी दोन महिने काढले असते तर मी हे म्हणू शकलो नसतो.”

मग त्यांनी सांगितलं, हे झाल्यावरही दरवर्षी यायचं, कारण तिसराही होऊ शकतो. मी म्हटलं, येऊ दे. तो येईल तेव्हा मी इथंच बसलेली असेन. डॉक्टर हसले नाहीत, मी विनोद केलाच नव्हता.

ऑपरेशन सोमवारी आहे. आत्याबाई इथं हैदराबादला आल्यात, धर्मशाळेत स्वयंपाक करतात, आयुषला सांभाळतात. काल बाहेरच्या हॉलमध्ये त्यांनी परभणीच्या एका बाईला माझी गोष्ट सांगायला सुरुवात केली. यावेळी झगा नव्हता. दीड वर्ष, दोन डोळे, पंचवीस दिवस शेक, कानशील, सगळं बराबर. मग मला विचारलं, “अशी अजून लेकरं असतील ना गं आपल्याकडं? त्यांना कुणी सांगितलं का?”

तेव्हा मला थावरा आठवला.

थावरा माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा. आमच्याच हिंगोली जिल्ह्यातल्या एका तांड्यावरचा, सेनगावकडचा. त्याचे वडील रूपसिंग त्याला दरवर्षी आमच्याच तारखेला आणायचे. त्यालाही दोन्ही डोळ्यांचा कॅन्सर झाला होता, त्याचाही डावाच वाचवलेला, शेक देऊन. आपला बसवलेला डोळा तळहातावर काढून तो मला भेडवायचा आणि मीही माझा काढून दाखवायचे. आमचे मायबाप बाकावर बसून एकमेकांना विचारायचे, “तुमी गावात काय सांगता?” “आमी पऱ्हाटी. तुमी?” “आमी बैलाचं शिंग.” थावरा चौदा-पंधरा वर्षांचा झाल्यावर त्याचं येणं बंद झालं. ऊसतोडीला गेले असं कुणीतरी म्हणालं. फाईल देताना मॅडमनी मला जे सांगितलं ते ऐकायला तो तिथं नव्हताच. मी निदान ऐकून सोडून दिलं. त्याला कुणी काही बोललंच नाही.

धम्मपालनं दुकानातून चार ठिकाणी फोन लावले. तांड्यावरच्या शाळेत एक जण म्हणाला, रूपसिंग वारले, पोरगा कुठल्या तरी कारखान्यावर असतो, त्याला बायकोलेकरं आहेत. कोणता कारखाना ते माहीत नाही. मी सोमवारनंतर काही आठवडे कुठं फिरू शकणार नाही.

तुम्ही फिरू शकता. तुम्ही सेनगावकडचे असाल, ऊसतोडीच्या टोळ्यांशी तुमचं कामाचं येणंजाणं असेल, तर बघा. तिशीच्या आसपासचा माणूस, उजवा डोळा हलत नाही, डावं कानशील खोल असेल किंवा आता नुकतंच भरून आलेलं असेल. बैलानं शिंग मारलं म्हणेल. त्याला बाजूला घ्या, चारचौघांत नको. पल्लवीनं पाठवलंय म्हणा. अंगावर कुठं गाठ आलीय का, एखादं हाड दुखतंय का, ते विचारा आणि त्यानं नाही म्हटलं तरी त्याच्या डोक्यावरून हात फिरवून डावं कानशील चाचपून बघा. गाठ असो नसो, त्याला हैदराबादला धाडा, त्याचीही फाईल तिथंच आहे. त्याच्या लेकरांचे डोळे कुणी तपासलेत का तेही विचारा.